दुसरा शनिवार

चेन्नईच्या गिंडी स्टेशनाबाहेर शेअर रिक्षावाल्याला मी फक्त "आयआयटी" म्हणालो, आणि तेवढं पुरलं. सप्टेंबर २०११. तांबरमच्या पलीकडच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षाला होतो. सोलापूरहून येऊन वर्ष झालं होतं, तरी माझं तमिळ 'तण्णी' (पाणी) आणि 'साप्पाडु' (जेवण) यांच्या पुढे सरकलं नव्हतं. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप होता आणि त्यात चार दिवसांपूर्वी माझ्या हातानं घातलेलं डेबियन, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा एक प्रकार. ते घातल्या क्षणापासून वाय-फाय बंद पडलं होतं. हॉस्टेलातल्या एका सीनियरनं पत्ता दिला होता : महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी तीन, आयआयटी मद्रास, एरोस्पेस विभाग, वर्ग क्रमांक ३, गजेंद्र सर्कलजवळ. फी नाही, नावनोंदणी नाही. ओळख कुणाची सांगू, असं विचारलं तर म्हणाला, कुणाचीच नको, जाऊन बस.

रिक्षा सरदार पटेल रस्त्याला लागली. डावीकडे अण्णा विद्यापीठ, उजवीकडे राजभवनाची भिंत आणि तिच्यामागे सरळ जंगल. भर शहरात जंगल बघायची सवय नसलेल्या सोलापूरकराला ते खोटंच वाटतं. आयआयटीच्या फाटकातून आत गेल्यावर तर वडांच्या सावलीत चितळं उभी होती, आणि त्यांच्याकडे बघणारा मी एकटाच होतो. १९५९मध्ये पश्चिम जर्मनीच्या मदतीनं ही संस्था उभी राहिली तेव्हा तिला गिंडीच्या जंगलातलीच जमीन मिळाली. हरणं तिथेच राहिली. संगणकवाले त्यांच्यात नंतर आले.

वर्ग क्रमांक ३ मध्ये तीसेक माणसं असतील. मुली दोन. पुढच्या बाकावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, मागे माझ्यासारखी सॅकवाली पोरं. आधी प्रत्येकानं उठून नाव आणि काम सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी इंग्रजीत एवढंच म्हणालो की मला काही येत नाही, वाय-फाय चालत नाही म्हणून आलोय. कुणी हसलं नाही. मिशीवाल्यांनी वळून विचारलं, "कोणती चिप?" मला कुठे माहीत होतं.

आता ही संस्था कोणती ते सांगायला हवं, आणि इथेच माझी पंचाईत होते. संस्थेची वाटचाल लिहायची म्हणजे आपल्याकडे एक ठरलेला साचा असतो. संस्थापकांचा हार घातलेला फोटो, पहिल्या कार्यकारिणीची यादी, इमारत निधीला दिलेल्या देणग्या, रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत शुभेच्छांच्या जाहिराती. इंडियन लिनक्स युजर्स ग्रुप, चेन्नई या लांबलचक नावाच्या मंडळींकडे मला यातलं काहीच दिसलं नाही. त्यांची इमारत म्हणजे दुसऱ्याच्या विभागातला एक वर्ग, तोही महिन्यातून दोन तास. सगळे नुसतं 'लग' म्हणतात. जानेवारी १९९८ पासून हे चालू आहे. त्यांच्याकडे जपण्यासारखी गोष्ट एकच, दुसरा शनिवार.

१९९८ साली अशा गटाची गरज का पडली, हे आजच्या मुलांना समजावताना मला हिशेब मांडावा लागतो. तेव्हा घरगुती इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून विदेश संचार निगमचं कनेक्शन. लिनक्सची एक सीडी साधारण ६५० मेगाबाइटची. सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या मोडेमवर ती उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही असं धरलं, तरी सलग चाळीसहून अधिक तास लागतात. आणि त्या काळात घरातलं कुणीतरी मधेच फोन उचलणार हे ठरलेलंच. त्यामुळे ज्याच्याकडे सीडी, त्याच्या घरी गर्दी. आपल्याकडे लिनक्स अनेकांच्या हाती पहिल्यांदा पडलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. सीडी वाटण्याच्या त्या मोहिमेमागचे अतुल चिटणीस बर्लिनमध्ये जन्मलेले आणि आपल्या बेळगावात शिकलेले. पुढे बंगळुरूत त्यांनी २००१ साली लिनक्स बंगलोर हा मेळा सुरू केला, तोच नंतर फॉस डॉट इन झाला. जून २०१३मध्ये ते गेले. सीडी मिळाली की पुढचा प्रश्न : ही घालायची कशी, आणि घातल्यावर पडदा काळा का झाला? पुस्तकं मिळत नव्हती. ज्याचा पडदा आधी काळा होऊन पुन्हा उजळला आहे, असा माणूस गाठणं एवढाच उपाय होता.

गट चेन्नईत आणि त्यातही विमानविद्येच्या विभागात का रुजला, याबद्दल माझा एक अंदाज आहे. विमानाच्या पंखाभोवतीच्या हवेचं गणित करायला तगडा संगणक लागतो, आणि तसं काम करणारी युनिक्सची यंत्रं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर. साध्या पीसीवर लिनक्स घातलं की तेच काम जमतं. १९९८ साली या गटाच्या स्थापनेत हात असलेले प्रभू रामचंद्रन यांनी डॉक्टरेट केली ती याच विभागात. त्यांनी लिहिलेलं 'मायावी' शास्त्रीय आकडेमोडीची त्रिमिती चित्रं काढून देतं आणि जगभर वापरलं जातं. नाव आपल्या कानाला किती सरावाचं आहे! बाहेरचे लोक त्याचा उच्चार कसा करत असतील देव जाणे. पुढे ते आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले, आणि तिथल्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून महाविद्यालयांत पायथन ही संगणकभाषा पोचवण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. त्याच संस्थेतून प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पही निघाला. त्यात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत बोलून दाखवलेले आहेत. बार्शीच्या माझ्या मावसबहिणीनं टर्मिनल पहिल्यांदा उघडलं ते त्या मराठी आवाजाच्या सांगण्यावरून. गिंडीचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

गिंडी आणि मुंबईची ही देवघेव त्याहूनही जुनी आहे. रस्त्यापलीकडच्या अण्णा विद्यापीठातलं अभियांत्रिकी महाविद्यालय १७९४ सालचं. सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ आठ विद्यार्थ्यांना जमीन मोजायला शिकवणारी शाळा म्हणून ते सुरू झालं आणि १९२०मध्ये गिंडीच्या आवारात आलं. रंगस्वामी नरसिंहन याच महाविद्यालयाचे पदवीधर. अमेरिकेत शिकून १९५४ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि 'टिफ्रॅक' बांधणाऱ्या चमूचे प्रमुख झाले. भारतीयांनी भारतात बांधलेला हा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती होती २,०४८ शब्दांची. १९६५मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया निघाली तेव्हा नरसिंहनच तिचे पहिले अध्यक्ष झाले. या सोसायटीचं मूळ काय, तर संगणक वापरणाऱ्या मूठभर उत्साही लोकांचा एक गट. थोडक्यात, तेव्हाचा 'लग'. अमेरिकेतही मार्च १९७५मध्ये मेन्लो पार्कच्या एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब जमला, त्याचंही निमित्त हेच होतं : यंत्र हातात आहे, त्याचं काय करायचं ते एकमेकांना विचारू. त्या गॅरेजात बसणाऱ्यांपैकी वॉझ्नियाकनं पुढे ॲपल बांधलं. आमच्या वर्ग क्रमांक ३ मधून अशी कंपनी निघाली नाही. निघावी असं कुणाला वाटत होतं, असंही मला कधी जाणवलं नाही.

तर त्या दिवशीचं. दोन व्याख्यानं झाली, अर्धी इंग्रजीत, अर्धी तमिळमध्ये. तमिळ अर्ध्याचंही मला थोडंफार कळलं, कारण पडद्यावरच्या आज्ञा कुठल्याच माणसाच्या भाषेत नसतात. पाच वाजता सगळे उठले. मिशीवाले उठले नाहीत. त्यांनी माझा लॅपटॉप उघडायला लावला आणि 'एलएसपीसीआय' ही आज्ञा टाइप करायला सांगितलं. टाइप मीच करायचं. त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. ही तिथली रीत, असं पुढे कळलं : दुसऱ्याचं यंत्र आपण दुरुस्त करायचं नाही, त्याच्याकडून करवून घ्यायचं. यादी आली, चिपचं नाव दिसलं, आणि माझ्याभोवती चारपाच जण गोळा झाले. लगेच वाद पेटला.

वादाचं कारण समजायला मला दोन महिने लागले, पण इथे एकदमच सांगतो. वाय-फायच्या चिपला चालू होताना एक छोटा प्रोग्राम भरवावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. बनवणारे तो देतात, पण त्याचा मूळ मजकूर देत नाहीत. नुसती शून्य-एकांची थैली. फेब्रुवारी २०११मध्ये आलेल्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीनं, ज्याचा मूळ मजकूर खुला नाही ते आत नको, या तत्त्वाला धरून अशा सगळ्या थैल्या मुख्य सीडीतून काढल्या आणि वेगळ्या कोठारात ठेवल्या. ज्याला हवी त्यानं जाणूनबुजून घ्यावी. माझं वाय-फाय बंद पडलं ते बिघाडामुळे नाही, तत्त्वामुळे. त्या क्षणी मला त्याचा संतापच आला होता.

एकजण म्हणाला, घे ती थैली, पोराचं काम होऊ दे. दुसरा म्हणाला, मग मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं. तिसऱ्याचा सल्ला असा की मुक्त ड्रायव्हर चालेल अशी यूएसबी पट्टी विकत घ्यावी. चारशे-पाचशे रुपयांचा प्रश्न. माझ्याकडे तेव्हा परतीच्या तिकिटापुरते आणि एका मसाला डोशापुरते पैसे होते. शेवटी मिशीवाल्यांनी मलाच विचारलं, "तुला काय हवंय?" मी थैली मागितली. कुणाच्या तरी डेटा कार्डावरून ती उतरवली, पेन ड्राइव्हवरून माझ्याकडे आली, मी तीन आज्ञा टाइप केल्या आणि कोपऱ्यातलं चिन्ह जागं झालं. तत्त्ववाल्यानंही टाळी दिली.

हा वाद जगभर चालू होता. २०२२च्या शरदात डेबियनच्या सभासदांनी रीतसर मतदान करून ठरवलं की अशा थैल्या सीडीतच असाव्यात, आणि जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीत त्या आल्या. त्या मतदानाच्या अकरा वर्षं आधी ज्यानं मला 'घे ती थैली' म्हटलं होतं, त्याचं मत जिंकलं. मला आता मात्र दुसऱ्याचं म्हणणं अधिक पटतं. सीडीतच सगळं मिळालं असतं, तर मी त्या दुपारी तिथे गेलोच नसतो.

निघताना एकानं विचारलं, तू महाराष्ट्रातला ना? पुण्यात सेनापती बापट रस्ता कुठे? पुढच्याच आठवड्यात, १६ ते १८ सप्टेंबरला, पायकॉन इंडिया हे पायथनवाल्यांचं संमेलन पुण्यात सिम्बायोसिसमध्ये होतं. २००९ आणि २०१० साली ते बंगळुरूत झालं होतं, यंदा पुणं. पायथन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंजर, येणार म्हणून इथले तिघेचौघे निघाले होते. विचारत होते सोलापूरकराला, पण त्यांच्या लेखी पुणं आणि सोलापूर यांत फार फरक नव्हता. मी चेन्नई-मुंबई मेलचं नाव सांगितलं, शिवाजीनगर सांगितलं, आणि गाडी सोलापूरला थांबते तेव्हा शेंगाचटणी घ्या, असंही सांगितलं. वर्षभरात चेन्नईत मला ठाऊक असलेलं काही कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

ती मंडळी परत आल्यावर त्यांच्याकडून मला कळलं की पुण्यातही असाच एक 'लग' आहे, प्लग म्हणतात त्याला, आणि तो मॉडेल कॉलनीतल्या आतूर सेंटरमध्ये, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरतो. ग्नुनिफाय नावाचा मेळाही तिथलाच. माझे दोन मामा मॉडेल कॉलनीपासून चालण्याच्या अंतरावर राहतात. मला ते चेन्नईत कळावं लागलं.

पुढची तीन वर्षं मी जमेल तेवढे दुसरे शनिवार गाठले. परीक्षा, पाऊस, लोकलचा मेगाब्लॉक यांत काही चुकले. माझ्यासारखी बाहेरच्या कॉलेजातली पोरं इतकी कशी येतात, याचं एक उत्तर अभ्यासक्रमात होतं. २००५ साली केंद्र सरकारनं मुक्त सॉफ्टवेअरसाठी एनआरसीफॉस हे राष्ट्रीय केंद्र उभं केलं ते चेन्नईतच. अर्धं अण्णा विद्यापीठाच्या एयू-केबीसी संशोधन केंद्रात, अर्धं सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या चेन्नई शाखेत. सी-डॅकवाल्यांनी २००७मध्ये बॉस लिनक्स ही लिनक्सची देशी आवृत्ती काढली. विद्यापीठाच्या बाजूनं मुक्त सॉफ्टवेअर हा ऐच्छिक विषय संलग्न महाविद्यालयांपर्यंत नेला. तो निवडायची संधी आली तेव्हा मी दुसराच विषय घेतला, कारण सीनियर म्हणाले त्यात गुण जास्त पडतात. वर्ग क्रमांक ३ मध्ये हे मी कधी कबूल केलं नाही.

त्या केंद्राशी आणि या गटाशी ज्यांचं नाव जोडलेलं होतं त्या केनेथ गोन्साल्विस यांना मी प्रत्यक्ष भेटलो नाही. गटाच्या पत्रव्यवहारात त्यांची उत्तरं वाचली होती. भारतातल्या पायथनवाल्यांची संस्था आज ज्या रूपात आहे, त्यामागे त्यांची दृष्टी होती. ऑगस्ट २०१२मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षीपासून पायकॉन इंडियात त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जाऊ लागला. ते गेल्यावर मी त्यांची जुनी उत्तरं एका रात्रीत बसून वाचली.

माझं पहिलं व्याख्यान तिसऱ्या वर्षी झालं. विषय गिट, म्हणजे प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन. वीस मिनिटांचं ठरलं होतं, मी नऊ मिनिटांत संपवलं. घाबरून नव्हे, तेवढंच येत होतं. मग प्रश्न सुरू झाले आणि ते अर्धा तास चालले. उत्तरं मी फारशी दिली नाहीत. एकमेकांना त्यांनीच दिली. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, आता कळलं ना बोलायला कोणाला बोलवायचं ते? नुकतंच शिकलेल्याला. जुन्याला आपण कुठे अडखळलो होतो तेच आठवत नाही.

नोकरी लागली तीही गिंडीच्या बाजूलाच, एक्काटुतांगलच्या एका ऑफिसात. तोवर शहरात असे गट वाढले होते. चेन्नईपाय हा पायथनवाल्यांचा गट महिन्याच्या चौथ्या शनिवारी तरमणीच्या गणितविज्ञान संस्थेत भरे. म्हणजे महिन्याचे दोन शनिवार लागले. घरून आई विचारायची, शनिवारी कुठे असतोस? मी म्हणायचो, वर्गात. नोकरी लागूनही मुलगा वर्गातच बसतो, हे तिनं शेजारी सांगितलेलं नाही.

२०१९मध्ये पायकॉन इंडिया चेन्नईत आलं. १२ ऑक्टोबरला नंदंबाक्कमच्या ट्रेड सेंटरमध्ये सुरू. नेमकं त्याच सुमारास, ११ आणि १२ तारखेला, चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग आणि आपले पंतप्रधान महाबलीपुरमला भेटणार, आणि शींचा मुक्काम गिंडीच्याच ग्रँड चोला हॉटेलात! विमानतळापासून समुद्रापर्यंतचे रस्ते ठरावीक वेळांना बंद. मी माझ्या जुन्या कॉलेजातली सहा पोरं घेऊन निघालो होतो. रिक्षा मिळेना. मेट्रोनं आलंदूरपर्यंत आलो, आणि तिथून चालत, पोलिसांना वळसे घालत. एका फौजदारानं गळ्यातला पट्टा बघून विचारलं, काय कार्यक्रम? एक पोरगा म्हणाला, "पायथन." फौजदारानं गिंडीच्या सर्पोद्यानाकडे बोट दाखवलं. उलट्या दिशेला.

आत हजारोंचा मेळा. मोठे पडदे, कंपन्यांचे मंडप, फुकट टी-शर्ट. पोरं हरखून गेली, मीही गेलो. पण दुपारी एका पोरानं हळूच विचारलं, "सर, इथे आपला प्रॉब्लेम कोणाला विचारायचा?" त्याच्या प्रोग्रामात एक चूक होती, आठ दिवस सापडत नव्हती. त्याला मी जेवणाच्या रांगेत उभं राहायला सांगितलं, आणि मागेपुढे जो असेल त्याला विचार म्हटलं. रांग लांब होती. ताट हातात येईस्तोवर चूक सापडली.

मग २०२०. वर्ग क्रमांक ३ ला कुलूप. दुसरा शनिवार ऑनलाइन, जित्सीवर भरू लागला, आणि मी सोलापूरच्या घरून काम करत होतो. पडद्यावर चौकोन. त्याचा एक फायदा झाला, रिक्षा नाही, लोकल नाही. तिरुनेलवेलीची, कोइमतूरची, दुबईतली माणसं येऊ लागली. एक तोटाही झाला. पाच वाजता बैठक संपली की चौकोन एकदम मिटायचे. पाच वाजल्यानंतर न उठणारा माणूस पडद्यावर राहत नाही.

सोलापुरात असा गट करावा हे तेव्हाच मनात आलं. निर्बंध उठल्यावर एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या कॉलेजातला वर्ग द्यायचं कबूल केलं. नेम चेन्नईचाच ठेवायचा, दुसरा शनिवार, दुपारी तीन. चिठ्ठी लावली, चार जणांना फोन केले. त्या दिवशी आम्ही नऊ जण व्हरांड्यात उभे, वर्गाला कुलूप. दुसऱ्या शनिवारी कार्यालयाला सुट्टी असते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई मोहोळला, पुतणीच्या साखरपुड्याला.

मग आम्ही व्हरांड्यातच बसलो. नावं सांगून झाली. एकीच्या लॅपटॉपचा आवाज येत नव्हता, तिच्याकडून दोन आज्ञा टाइप करून घेतल्या, आला. सोमवारी शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, तिसऱ्या शनिवारी मी असतो.

तेव्हापासून आमचा तिसरा.